काळा पट्टा ही पहिली पायरी

परीक्षा जवळ आल्या की 'गाइड' घ्यायला जशी झुंबड उडते, तशीच हल्ली मुलींच्या स्वसंरक्षण शिबिरांना उडते. सात दिवस कवायत, शेवटच्या दिवशी पाहुणे, प्रमाणपत्र आणि फोटो! असे एक प्रमाणपत्र माझ्याही फाइलमध्ये आहे. पण आठव्या दिवशी कुणी मनगट धरले असते, तर ते मला सोडवता आले असते का? खरे सांगते, नसते आले.

कराटे आपल्याला ठाऊक झाले ते सिनेमातून. त्यामुळे विटा फोडणे म्हणजेच कराटे, अशी आपली समजूत! मात्र ज्यांनी ही विद्या ओकिनावा बेटावरून टोकियोत नेऊन रुजविली, ते गिचिन फुनाकोशी (१८६८-१९५७) पेशाने शाळामास्तर होते. लहानपणी अगदी अशक्त. रात्री गुरूच्या अंगणात एकच 'काता', म्हणजे हालचालींची ठरीव मालिका, महिनोन्महिने घोटायची. गुरूचे समाधान होईपर्यंत पुढचा पाठ नाही. १९२२ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, ते प्रात्यक्षिकासाठी टोकियोला गेले आणि तिथेच राहिले. एका विद्यार्थी वसतिगृहात झाडलोट करावी, बाग राखावी आणि तिथेच वर्ग घ्यावा, असे दिवस त्यांनी काढले. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात त्यांची कराटेशाळा नष्ट झाली, तरी शिकविणे सुटले नाही. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीला 'शोदान' म्हणतात. त्यातल्या 'शो'चा अर्थ आरंभ! आपण मात्र पट्टा मिळाला की पेढे वाटून मोकळे होतो.

कुणी म्हणेल, सेवाग्रामच्या जिल्ह्यात ठोसे कसले शिकविता? प्रश्न रास्त आहे. पण कराटेत पहिला वार करायचा नाही, हा फुनाकोशींचा दंडक होता. त्यांचे काता सुरू होतात तेच वार अडविण्यापासून. आणि भ्याडपणा की हिंसा एवढीच निवड उरली, तर आपण हिंसेचा सल्ला देऊ, असे खुद्द गांधीजींनी १९२० साली 'यंग इंडिया'त लिहिले होते. हात उगारता येत असूनही न उगारणे निराळे, आणि उगारताच येत नाही म्हणून गप्प बसणे निराळे.

दूर कशाला, वर्धा नदीपलीकडे अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९१४ पासूनचे! तिथे व्यायाम हा पदवीपर्यंत शिकायचा विषय आहे. आपल्याकडे तो एका आठवड्यात उरकतो, आणि शिबिराचे शिक्षक पुन्हा दिसतही नाहीत. यात मुलींचे भले किती आणि अहवालाचे किती, हे प्राध्यापकवर्गाने एकदा मनाशी विचारावे.

माझे म्हणणे एवढेच, की शिबिराचा खर्च वाचवून आठवड्यातून दोन दिवस, सलग तीन वर्षे वर्ग चालवा. शिक्षक पदकवाले नसले तरी चालतील. ते स्वतः अजून रोज सराव करतात ना, एवढेच पाहा. मुलांनाही येऊ द्या. सकाळी साडेसहाला आपले सभागृह रिकामेच असते. किल्ली तेवढी शिपाईकाकांकडून मिळायला हवी.