पुठ्ठ्याचा संगणक

नवे यंत्र आपल्या शाळेत येते ते पेटीबंद होऊनच. पेटी उघडायची, कळ दाबायची आणि सांगितले आहे तसे वापरायचे, एवढेच आपल्या वाट्याला उरते. त्या यंत्राशी माणसाने कसा व्यवहार करावा, हे मात्र फार आधी, त्याचा नमुना ओबडधोबड असतानाच ठरलेले असते. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला पक्क्या मालापेक्षा हे कच्चे नमुने अधिक बोलके वाटतात.

डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये बनविलेला पहिला माउस म्हणजे एक लाकडी ठोकळा. खाली दोन चाके, वर एक बटण. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्ट यांनी तज्ज्ञांच्या भरल्या सभेत ९० मिनिटांचे प्रात्यक्षिक करून दाखविले. उजव्या हाताला माउस होता, तर डाव्या हाताला पाच कळांचा एक फलक. त्यावरील कळा एकत्र दाबून अक्षरे उमटवायची. ते शिकायला मेहनत लागे. माउस जगभर गेला, तो फलक मागे राहिला.

अ‍ॅलन के यांनी मुलांसाठी कल्पिलेल्या संगणकाचा तर चक्क पुठ्ठ्याचा नमुना केला होता आणि वजनाचा अंदाज यावा म्हणून त्यात शिशाच्या गोळ्या भरल्या होत्या! पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली आल्टो हा संगणक तयार झाला. के आणि अ‍ॅडेल गोल्डबर्ग यांनी त्यावर शाळकरी मुलांना बसविले. आज आपण पडद्यावर ज्या चौकटी उघडतो, त्यांची घडण बरीचशी तेथलीच.

ती मुले अर्थात पालो आल्टोची होती. जी जवळ होती, त्यांनाच बोलाविले गेले; त्यात आम्ही दोष काढीत नाही.

आता यंत्राशी तोंडी बोलण्याचे दिवस आले आहेत. मध्यंतरी वसतिगृहातील सहावीच्या एका मुलीने फोनला आपल्या वऱ्हाडीत प्रश्न विचारला. उत्तर भलतेच आले. तोच प्रश्न तिने पुस्तकी मराठीत विचारला, तेव्हा उत्तर नीट मिळाले. आमच्या एका सहकाऱ्यांना आनंद झाला, की मुलगी शुद्ध बोलू लागली. आम्हांला तो झाला नाही. चुकले होते यंत्र आणि सुधारावे लागले मुलीला. ‘शुद्ध’ या शब्दाचा हिशेब आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको.

आपले कितीतरी माजी विद्यार्थी आज पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे संगणकाच्या कामात आहेत. त्यांच्याकडे आमचे मागणे देणगीचे नाही (तिची गरज आहेच, पण ते वेगळे). तुमच्या हातचा नमुना कच्चा असतानाच, बाजारात जाण्याआधी, तो घेऊन एकदा वसतिगृहात या. पुठ्ठ्याचा असला तरी चालेल. मुलांना त्यांच्या बोलीत बोलू द्या आणि यंत्र कोठे कोठे अडते, ते लिहून न्या. रविवारी दुपारी मुले मोकळी असतात.