हलक्या ट्रिगरचा हट्ट

रेक्टर सरांनी दचकू नये. होस्टेलवर पिस्तूल आलेलं नाही. पिस्तूल आहे ते ह्यूस्टनला, माझ्या आतेभावाकडे, आणि तिथल्या कायद्याप्रमाणे रीतसर त्याचं आहे. टेक्सासमध्ये २०२१ पासून बंदूक बाळगायला पात्र असलेल्या माणसाला ती परवान्याशिवायही अंगावर घेऊन फिरता येते. दादाने तरीसुद्धा परवाना काढलाय, इतका तो सरळमार्गी. माझ्याकडे आला तो फक्त एक व्हॉट्सॲप मेसेज. तोही सबमिशनच्या आदल्या रात्री, अर्धी जर्नलं लिहायची बाकी असताना.

"तू मेकॅनिकलचा ना? शिवाय शूटिंग पण करतोस. सांग, यातलं काय काय घेऊ?" आणि खाली यादी. हलकी स्ट्रायकर स्प्रिंग, जादा ताकदीची ट्रिगर स्प्रिंग, 'मायनस' कनेक्टर, टायटॅनियमचा स्ट्रायकर आणि सपाट तोंडाचा ॲल्युमिनियमचा ट्रिगर. दादाला त्याच्या ग्लॉक १९ चा ट्रिगर हलका करायचा होता. गोळ्या सारख्या खाली-डावीकडे जातात, म्हणजे ट्रिगर जड आहे, असं त्याचं निदान. हे पिस्तूल तो कमरेला लावून फिरतो आणि त्याच्या घरात चार वर्षांची मुलगी आहे, हेही इथेच सांगून ठेवतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना मेसला पळायचंय त्यांना पळता येईल. यादीतल्या तीन वस्तूंना हात लावू नये, एक घ्यावी, आणि एकीवरून आमचं अजून भांडण चालू आहे.

आधी दादाची बाजू, कारण ती अगदीच चुकीची नाही. मी युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये दोन वर्षं १० मीटर एअर पिस्तूल मारतोय. त्याचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा असावा लागतो. मॅचच्या आधी पंच वजन टांगून तपासतात. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये ज्या २५ मीटर प्रकारात सोनं मिळवलं, त्यात ही मर्यादा १००० ग्रॅम. ग्लॉकचा कारखान्यातून येणारा ट्रिगर साधारण साडेपाच पौंडांचा, म्हणजे अडीच किलो! आता गंमत बघा. माझं एअर पिस्तूल किलोभर वजनाचं आणि त्याला अर्ध्या किलोची ओढ. दादाचं भरलेलं पिस्तूल साडेआठशे ग्रॅमचं आणि त्याला अडीच किलोची ओढ. स्वतःच्या वजनाच्या तिप्पट जोर लावून एखादी वस्तू हलू द्यायची नाही, हे सोपं काम नाही. बोटाचा जोर जरा तिरका पडला की नळी फिरली. ग्लॉक १९ च्या पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर जेमतेम १५३ मिलिमीटर आहे. पुढची साइट एक मिलिमीटर सरकली की सात मीटरवर गोळी साडेचार सेंटिमीटर सरकते. साधे समरूप त्रिकोण, दहावीचं गणित. म्हणजे हलका ट्रिगर हवासा वाटणं हा काही वेडेपणा नाही.

पण 'ट्रिगर किती पौंडांचा' हा एकच आकडा धरून बसणं म्हणजे बाईकचं फक्त ॲव्हरेज विचारण्यासारखं आहे. ट्रिगर ओढताना आधी थोडा मोकळा प्रवास, मग एक भिंत लागते, मग ती तुटते, तुटल्यावर बोट थोडं पुढे जातं, आणि सोडताना तो परत एका जागी 'टक्' करून बसतो. फोर्स-डिस्प्लेसमेंटचा ग्राफ काढलात तर ही सगळी स्टोरी त्यात दिसते, आणि पौंडांचा आकडा म्हणजे त्यातला फक्त सर्वोच्च बिंदू. साडेपाच पौंडांचे दोन ट्रिगर हाताला पूर्ण वेगळे लागू शकतात. हाताला त्रास होतो तो बहुतेक वेळा खरखरीचा आणि 'आत्ता सुटेल की नाही' या अंदाज न येण्याचा. वजनाचा नंबर त्यानंतर.

आता आतली रचना. ग्लॉकमध्ये स्ट्रायकर आधीच अर्धवट ताणलेला असतो. तुम्ही ट्रिगर ओढता तेव्हा तो उरलेला ताणला जातो, फायरिंग पिनची सेफ्टी वर उचलली जाते, आणि शेवटी कनेक्टर नावाची वाकवलेली पत्र्याची पट्टी ट्रिगर बारला खाली ढकलते की स्ट्रायकर सुटतो. पट्टीचा कोन बदलला की शेवटची भिंत चढायला लागणारा जोर बदलतो. वेज आणि इनक्लाइंड प्लेन, बस्स.

खरी मजा स्प्रिंगांची. दादाच्या चौथ्या पिढीच्या ग्लॉकमध्ये ट्रिगर स्प्रिंग तुमच्या विरुद्ध नसते, ती बोटाला मदत करते! विरुद्ध असते ती स्ट्रायकर स्प्रिंग. म्हणून ट्रिगर स्प्रिंग जादा ताकदीची घातली की ओढ हलकी होते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता. पण मग गोळी सुटल्यावर ट्रिगरला परत पुढे कोण आणतं? तीच स्ट्रायकर स्प्रिंग, या ट्रिगर स्प्रिंगशी भांडून. आता दादाच्या यादीकडे परत बघा. एक स्प्रिंग अशक्त आणि दुसरी बलदंड. म्हणजे रस्सीखेचीत एका टीमचा माणूस काढला आणि दुसरीत घुसवला. ट्रिगर पुढे येण्याचा जोर दोन्हीकडून कमी झाला. रेंजवर तो आळसावून परत येईल. खिशातला कचरा आणि घाम आत गेल्यावर कदाचित येणारच नाही.

दुसरं दुखणं याहून मोठं. स्ट्रायकर स्प्रिंगचं काम ट्रिगरला त्रास देणं नाही, प्रायमरवर ठोका मारणं आहे. साडेपाच पौंडांच्या जागी चार पौंडांची स्प्रिंग घातली की ठोक्याची ऊर्जा ढोबळमानाने पाऊणच्या आत येते. पाव ऊर्जा गेली! डिझायनरने ती काही हौस म्हणून ठेवली नव्हती, तो फॅक्टर ऑफ सेफ्टी होता. आपण पेपरात फॅक्टर ऑफ सेफ्टी तीन घेतो, मार्क मिळवतो, आणि बाहेर पडल्यावर पहिली गोष्ट तीच खाऊन टाकतो. टायटॅनियमच्या स्ट्रायकरबद्दल एवढंच म्हणतो की हलका स्ट्रायकर वेगाने जातो, पण ऊर्जा तेवढीच राहिली तर त्याचा संवेग कमीच भरतो. व्हायवाला कामी येईल.

मग जड ट्रिगरच बरा का? तसंही नाही. न्यूयॉर्कच्या राज्य पोलिसांनी ग्लॉक घेतलं तेव्हा रिव्हॉल्व्हरची सवय असलेल्या हातांसाठी त्यांनी जड ट्रिगर मागितला, त्यावरून 'न्यूयॉर्क ट्रिगर' हा पार्ट आला. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी तर बारा पौंडांपर्यंत मजल मारली. २४ ऑगस्ट २०१२ ला एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका खुन्यावर सोळा गोळ्या झाडल्या आणि रस्त्यावरची नऊ निरपराध माणसं पोलिसांच्याच गोळ्यांनी आणि त्यांच्या तुकड्यांनी जखमी झाली. सगळा दोष ट्रिगरच्या माथी मारता येणार नाही. गर्दी, भीती, सराव, सगळंच त्यात आलं. पण साडेपाच किलोच्या ओढीने नेम सुधारला असेल, असं कोणी म्हणणार नाही. आणि उलट बाजूने, २००४ साली ऑरलँडोमध्ये एका सरकारी एजंटाने मुलांसमोर बंदुकीच्या सुरक्षिततेवर बोलता बोलता स्वतःच्याच मांडीत गोळी घालून घेतली. ट्रिगरवर बोट गेलं की पौंड फार मदत करत नाहीत.

दादाला मी दोन गोष्टी सुचवल्या. पहिली, आधी मोज. अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घरात भारतवारीची बॅग तोलायचा डिजिटल काटा असतोच. पिस्तूल रिकामं कर, तीनदा बघ, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेव, आणि दहा वेळा ओढून आकडे लिही. त्याचे आकडे आले पाच पॉइंट सहापासून सहा पॉइंट तीनपर्यंत. म्हणजे ट्रिगर जड नव्हता, लहरी होता. दुसरी, मायनस कनेक्टर घे आणि त्याच्यासोबत न्यूयॉर्क वन स्प्रिंग घे. हा मेळ पुष्कळ जुने लोक वापरतात. कनेक्टर भिंत उतरवतो, ही स्प्रिंग सुरुवातीपासून एकसारखी ओढ देते आणि ट्रिगरला ठामपणे पुढे ढकलते. वजन परत साडेपाच-सहा पौंडांवरच, पण ग्राफ सपाट. कंपनी हा कनेक्टर ग्लॉक ३४ सारख्या स्पर्धेच्या पिस्तुलात घालते, त्यामुळे तो एकटाच कॅरी गनमध्ये घालायला माझं मन धजावत नाही.

दादा हसला. "मी हलका करायचं विचारतोय आणि तू जड पार्ट घ्यायला सांगतोस? फी परत करा म्हणावं कॉलेजला!" आणि साहेबांनी यादीतल्या दोन्ही स्प्रिंगा मागवून बसवल्या पण.

दोन आठवड्यांनी फोन. रेंजवर नेहमीच्या स्वस्त गोळ्यांना काही झालं नाही. दुसऱ्या एका पेटीतल्या पन्नासपैकी तीन गोळ्यांना नुसतं 'खट्'. प्रायमरवर बारीक खळगा, बाकी शांतता. "लेका, समज ती रेंज नसती तर..." एवढं बोलून तो गप्प झाला. मी पण गप्प. अशा वेळी 'मी सांगितलं होतं ना' म्हणायचा मोह मी कसा आवरला ते माझं मला माहीत.

जुन्या स्प्रिंगा त्याच रात्री परत बसल्या. खाली-डावीकडे जाणाऱ्या गोळ्यांवर औषधही सापडलं, फुकटचं. रोज दहा मिनिटं रिकाम्या पिस्तुलाने भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम. उजव्या हाताने मारणाऱ्याचं हे जुनंच दुखणं आहे, आवाजाच्या भीतीने मूठच आवळली जाते. एअर पिस्तूलच्या पहिल्या महिन्यात कोच आम्हाला दुसरं काही करूच देत नाहीत.

राहिला तो सपाट ट्रिगर. दादा म्हणतो बोट छान बसतं. माझा आक्षेप वस्तुमानाला आहे. २०१७ मध्ये सिग सॉअरच्या पी ३२० पिस्तुलाबद्दल उघड झालं की एका ठरावीक कोनात मागच्या बाजूवर पडलं तर ते उडू शकतं. ट्रिगर स्वतःच्याच जडत्वाने मागे जात होता. कंपनीने मोफत बदल जाहीर केला, त्यात ट्रिगर, सीअर आणि स्ट्रायकर वजनाने हलके केले. म्हणजे हलका ट्रिगर शेवटी कामाला आला, पण काट्यावरच्या ओढीत नाही, ग्रॅममध्ये! ग्लॉकचा मूळ ट्रिगर प्लास्टिकचा असतो आणि मधली छोटी जीभ त्याला अडवून धरते. ॲल्युमिनियमचा घातलास तर त्या जिभेवरचा भार वाढला, असं मी म्हणतो. दादा म्हणतो, जीभ न दाबता कडेने ओढून पाहिलं, हलत नाही. मी म्हणतो, हाताने ओढणं आणि फरशीवर पडणं यात फरक आहे. तो म्हणतो, तू आधी केटी काढ.

काढलेली हलकी स्प्रिंग त्याच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. आमच्या लॅबमधल्या स्प्रिंग टेस्टिंग मशीनवर लावून बघायची मला फार इच्छा होती, डिसेंबरात येताना घेऊन ये असं म्हणणारही होतो. मग आठवलं, आपल्या १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. ताबडतोब फोन करून सांगितलं, बॅगेत चुकूनही टाकू नकोस. त्याऐवजी बॅग तोलायचा काटा आण, आमचा स्प्रिंग बॅलन्स गेल्या वर्षीपासून शून्यावर येत नाहीये.

– बी. ई. (मेकॅनिकल)