ट्रेंड्समधली रेष वर गेली म्हणून डीलरशिप घेऊ नका

इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान टाकायचं ठरवलेली बरीच मंडळी हल्ली मला एक स्क्रीनशॉट पाठवतात. गूगल ट्रेंड्समध्ये तीन-चार ब्रँडची नावं टाकलेली, निळी-लाल-पिवळी रेष, आणि खाली प्रश्न : "सर, निळी सगळ्यात वर आहे, मग हीच घेऊ ना?" माझं उत्तर बहुतेक वेळा "जरा थांबा" असंच असतं. ट्रेंड्स फुकट आहे, कामाचं आहे, मी स्वतः नेहमी बघतो. पण तो आकडा कशाचा आहे हे न समजता त्यावर भांडवल लावणं मला अजिबात पटत नाही.

आधी तो आकडा समजून घ्या. ० ते १०० ही किती लोकांनी शोधलं याची मोजणी नाही. तुम्ही निवडलेल्या काळात आणि भागात जो सर्वांत उंच क्षण असेल त्याला १०० धरतात आणि बाकी सगळं त्याच्या तुलनेत मांडतात. म्हणून सॅमसंगच्या शेजारी एखादा छोटा इअरफोनचा ब्रँड टाकला की छोट्याची रेष जमिनीला चिकटलेली दिसते. तो बाजारात चालत नाही असा त्याचा अर्थ नाही. त्याच छोट्या ब्रँडची तुलना त्याच्याच तोडीच्या दुसऱ्याशी करा, चित्र एकदम वेगळं दिसेल.

राज्यांच्या नकाशातही हीच गंमत आहे. गोवा गडद आणि महाराष्ट्र फिका दिसला तर "गोव्यात जास्त ग्राहक" असं समजू नका. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साधारण साडेचौदा लाख होती आणि महाराष्ट्राची सव्वा अकरा कोटींच्या घरात. नकाशा फक्त एवढंच सांगतो की तिथल्या एकूण शोधांत या नावाचा वाटा जास्त आहे. माणसं किती, ते सांगत नाही.

आता नावांचा घोळ. इअरफोनवाली 'बोट' घ्या. इंग्रजीत तो शब्द टाकला की मालवणात बोटिंगचे दर शोधणाराही त्यात आला, आणि देवनागरीत टाकला तर बोट सुजलं म्हणून उपाय शोधणाराही आला! 'नॉइज'चं तेच. 'बजाज' टाकलंत तर मिक्सर, पंखा, मोटारसायकल आणि कर्जाचा हप्ता सगळं एका रेषेत. ज्यूस सेंटरवाल्यांचा लाडका मिक्सर 'सुजाता', पण ते तर घराघरातलं नाव. यावर उपाय आहे. नाव टाइप करताना खाली जो पर्याय येतो त्यात नुसता 'शोध शब्द' न घेता कंपनी म्हणून दाखवलेला विषय निवडा, किंवा नावाला वस्तू जोडा : 'बजाज मिक्सर', 'सुजाता मिक्सर'. पाच मिनिटांचं काम आहे, पण स्क्रीनशॉट पाठवणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी ते केलेलं नसतं.

पण माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. लोक ब्रँड का शोधतात? घ्यायचा म्हणून शोधतात, बिघडला म्हणून शोधतात, बातमी आली म्हणून शोधतात, आणि परवडत नसला तरी नुसता बघायला म्हणूनही शोधतात. २०१६ साली गॅलेक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेटायला लागल्या. सप्टेंबरमध्ये कंपनीने फोन परत मागवले, ऑक्टोबरमध्ये उत्पादनच थांबवलं. तेव्हा त्या फोनचं नाव जगभर शोधलं जात होतं. त्याला लोकप्रियता म्हणायचं का?

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत नोएडाच्या एका कंपनीने २५१ रुपयांत स्मार्टफोन देतो म्हणून 'फ्रीडम २५१' जाहीर केला. बुकिंगच्या दिवशी वेबसाइट बसली, इतकी गर्दी. त्या आठवड्यात कुणी ट्रेंड्स उघडलं असतं तर त्याला वाटलं असतं, यापेक्षा गरम माल देशात नाही. पुढच्या वर्षी गाझियाबादच्या एका वितरकाने तक्रार केली की पैसे भरले पण पूर्ण माल आलाच नाही. त्या तक्रारीवरून कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली. मला या गोष्टीत अटकेपेक्षा तो वितरक महत्त्वाचा वाटतो. कारण तुम्ही उद्या त्याच जागी उभे राहणार आहात.

मग ट्रेंड्सचा उपयोग काय? हंगाम ओळखायला त्याच्याइतकं स्वस्त साधन नाही. 'एअर कूलर' टाका, भारत निवडा, पाच वर्षं निवडा. दर उन्हाळ्यात डोंगर, पावसाळा आला की दरी. गिझरचं उलट, थंडीत वर. यात ब्रँडचा प्रश्नच नाही. तुमचं भांडवल कोणत्या महिन्यात अडकेल आणि कोणत्या महिन्यात मोकळं होईल, हे त्यातून कळतं. डोंगर चढायला लागल्यावर माल शोधायला निघालात तर उशीर झाला, तोवर शेजारच्याने गोडाऊन भरलेलं असतं.

दुसरा उपयोग म्हणजे एकाच ब्रँडच्या दोन शोधांची तुलना. नावापुढे 'प्राइस' लावून बघा आणि मग 'सर्व्हिस सेंटर' लावून बघा. दुसरी रेष पहिलीच्या जवळ सरकत असेल तर सावध व्हा. ब्रँड जुना असेल, विकला भरपूर गेला असेल, म्हणूनही असं होतं. पण तुमच्या तालुक्यात सर्व्हिस सेंटर नसेल तर ती सगळी डोकेदुखी तुमच्याच काउंटरवर येणार.

आणि जे ट्रेंड्सला दिसतच नाही त्याचं काय? नागपूरला जाऊन बघा, पत्र्याच्या बॉडीचे, खस लावलेले स्थानिक बनावटीचे कूलर उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला रांगेने उभे असतात. त्यांना नाव नाही, म्हणून रेष नाही. गिऱ्हाईक मात्र भरपूर आहे. गूगलवर न शोधता थेट दुकानात येऊन "भाऊ, चांगला कुठला?" असं विचारणारा माणूस लहान गावात अजूनही मोठ्या संख्येने आहे, आणि त्याला तुम्ही जे हातात द्याल ते तो घेतो.

त्यामुळे डीलरशिपचा फॉर्म भरण्याआधी तुमच्या बाजारपेठेतल्या दोन-तीन रिपेअरिंगवाल्यांकडे जाऊन चहा घ्या. कोणत्या कंपनीचे सेट जास्त येतात, कुणाचा पार्ट आठवड्यात मिळतो आणि कुणाचा महिना झाला तरी येत नाही, हे विचारा. वितरकाला विचारा की उरलेला माल परत घेणार का, किती दिवसांत, किती टक्के कापून. "बघू ना साहेब, आपलंच आहे" या उत्तरावर चेक फाडू नका, लेखी घ्या.