मीटर नवा, वायरिंग जुनीच

जुन्या घरांतील वायरिंग आणि अर्थिंग तपासल्याशिवाय महावितरणने मीटरबदलाचे काम पूर्ण झाले असे मानू नये, अशी आमची ठाम भूमिका आहे.

दोन दिवे आणि एक पंखा गृहीत धरून टाकलेल्या तारेवर आज फ्रिज, पाण्याचा पंप आणि कूलर चालतो. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात कूलर ही चैन नव्हे. पण कूलरमधील पंपाच्या वायरचे आवरण फाटले आणि अर्थिंग नसले, तर कूलरच्या ओल्या पत्र्यात वीज उतरते. फ्यूज अशा वेळी बहुधा वितळतच नाही. जीव घेणारा प्रवाह त्याच्या दृष्टीने नगण्य असतो. ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारा आरसीसीबीच तेथे माणूस वाचवतो.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत दहा अर्भके दगावली, तेव्हा कुठे राज्यभरातील रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश निघाले. घरांबाबत तरी आधी बळी आणि मग आदेश, असे होता कामा नये.

जिल्हा प्रशासनाने विद्युत निरीक्षकांमार्फत जुन्या घरांची तपासणी येत्या उन्हाळ्यापूर्वी करावी आणि गरीब कुटुंबांना आरसीसीबी व अर्थिंग सरकारी खर्चाने बसवून द्यावे.