हाताशी असलेली प्रत

साहित्यविषयक लेखनाच्या पानावर खेळाच्या यंत्राचा विषय निघावा, हे काही वाचकांना अप्रस्तुत वाटेल. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स ही नावे मराठीच्या प्राध्यापकांच्या तोंडी शोभत नाहीत, असा एक समज आहेच. मात्र ज्या घरात मुलांसाठी असे यंत्र आले आहे, त्या घरातील दूरचित्रवाणीला एक बऱ्यापैकी सक्षम संगणकच जोडला गेलेला असतो. आतल्या खोलीतील संगणकावर साठवलेले ध्वनिमुद्रण वा चित्रपट या यंत्राच्या मार्फत बाहेरच्या खोलीत पाहता-ऐकता येतात. या सोयीचा साहित्याच्या अध्यापनाशी निकटचा संबंध आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम तिचे स्वरूप पाहू. संगणक आणि खेळाचे यंत्र एकाच राऊटरला जोडलेले असावे लागतात. शक्य असल्यास तारेने, कारण बिनतारी जोडणीत मोठा चित्रपट अडखळतो. विंडोजमध्ये माध्यम-प्रसारणाची सोय सुरू करून कोणते फोल्डर खुले ठेवायचे ते ठरवले, की संगणक आपल्याजवळच्या ऐवजाची सूची तयार करतो. दूरचित्रवाणीवर ती सूची दिसते. आपण निवडलेली फाइल तुकड्यातुकड्यांनी येते व वाजते. २००३ साली काही कंपन्यांनी एकत्र येऊन यासाठी सामाईक संकेत ठरवले. ते डीएलएनए या नावाने ओळखले जातात. ती संघटना २०१७ मध्ये विसर्जित झाली, तरी संकेत चालू आहेत. प्लेस्टेशन ३ मध्ये ही सोय होती, प्लेस्टेशन ४ ला ती २०१५ मध्ये मिळाली. प्लेस्टेशन ५ मध्ये ती मुळातून नसल्याने प्लेक्ससारख्या ॲपचा आधार घ्यावा लागतो. एमपी४ स्वरूपातील फाइल बहुतेक यंत्रे वाचतात. इतर स्वरूपांचे रूपांतर संगणकाला चालू प्रसारणातच करावे लागते, आणि जुना संगणक तिथे दमतो.

आता कोणी म्हणेल, यूट्यूब आणि मासिक वर्गणीच्या वाहिन्या असताना हा खटाटोप कशासाठी? उत्तर एका शब्दात सांगायचे तर, मालकीसाठी. जर्मनी व ऑस्ट्रियातील प्लेस्टेशनच्या ग्राहकांनी पैसे मोजून घेतलेले स्टुडिओकॅनालचे चित्रपट ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस त्यांच्या संग्रहातून काढून घेण्यात आले. विकत घेतलेल्या वस्तूची ही गत, तर वर्गणीने पाहिलेल्या वस्तूचा भरवसा किती धरावा? माध्यमांतर शिकवताना ‘श्यामची आई’चे पुस्तक आणि १९५३ चा चित्रपट शेजारी शेजारी ठेवावे लागतात. पुस्तक कपाटात असते. चित्रपट यंदा सापडेल की नाही, हे मात्र दुसराच कोणी ठरवणार असेल, तर त्या तौलनिक अभ्यासाचा पायाच डळमळीत राहतो.

खानदेशाला प्रतीचे महत्त्व निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी. गावोगावचे दप्तर धुंडाळणारे वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच निवर्तले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली म्हणून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आपल्याला मिळाला. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ती अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. ‘मानिनी’ (१९६१) या चित्रपटात त्यांतील काही ऐकू आली. शब्द आले, चालही आली. बहिणाबाईंचा स्वतःचा आवाज मात्र आपल्यापर्यंत पोचला नाही.

आमच्या मते खरा प्रश्न येथे आहे. अहिराणी आणि लेवा बोलीतील ओव्या, लग्नातील गाणी, कानबाईची गाणी म्हणणाऱ्या वृद्ध स्त्रिया आज आपल्या विद्यार्थ्यांच्याच घरांत आहेत. विद्यार्थी मोबाइलवर त्यांचे ध्वनिमुद्रण करतातही. परंतु ते व्हॉट्सॲपवरून फिरते आणि मोबाइल बदलला की नाहीसे होते. घरच्या संगणकावर एक ठरलेली जागा असली आणि तेथील ऐवज दिवाणखान्यात ऐकता येत असला, तर तो सांभाळण्याचे कारण घरालाच मिळते. नात आजीला तिचीच ओवी मोठ्या आवाजात ऐकवते, आणि आजी म्हणते, ‘हाऊ शब्द चुकना.’ ही पाठचिकित्साच होय. तिच्यासाठी ग्रंथालयात जावे लागत नाही.

काही पथ्ये पाळावीच लागतील. गाणाऱ्या बाईंची संमती घ्यावी. फाइलला नाव देताना गाव, गाणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि तारीख घालावी, कारण सूची जेवढी नेटकी तेवढाच संग्रह उपयोगी. सोबतची टिपणे युनिकोडमध्येच असावीत. जुन्या फॉन्टांत टंकलेली मराठी तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक अक्षरे होऊन बसते, हे आपल्या पिढीतील अनेक प्रबंधांचे दुखणे आहे. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या घरात ठेवावी. चित्रपटांच्या बाबतीत चोरीच्या प्रतींना थारा देऊ नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ५२ वे कलम शिक्षणासाठी काही सवलती देते, त्यांची मर्यादा ओळखून वागावे.

मराठी विभागांनी एवढे करावे, असे आम्ही सुचवतो: पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील एका व्यक्तीची दहा गाणी अशा रीतीने जमा करावीत आणि त्यांची एक प्रत विभागाच्या संगणकावर ठेवावी. त्यासाठी अनुदान लागत नाही, नवी यंत्रसामग्रीही लागत नाही. लागतो तो एखाद्या रविवारचा दुपारचा वेळ. त्या गाणाऱ्या आज ऐकवायला तयार आहेत, तोवरच तो काढायला हवा.