मागचं बसलंय

मोटारीची उंची ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मला आज भांडायचं आहे. आमच्या कोल्हापुरात हल्ली ज्याला बघावं तो आपली मोटार उचलून घेतो आहे. पूर्वी लग्न जमवताना "मुलाची उंची किती?" असं विचारत. आता कट्ट्यावर "गाडीची उंची किती?" असं विचारतात, आणि ज्याची कमी भरते तो मान खाली घालून चहा पितो.

वीस वर्षांच्या मोटारीचं आणि साठ वर्षांच्या माणसाचं दुखणं एकाच जागी सुरू होतं. कमरेत. आमची मोटार अशीच मागून बसली. मागच्या सीटवर मेव्हण्याचं कुटुंब स्थानापन्न झालं, की ती विमानासारखं नाक वर करायची. रात्री तिचे दिवे रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जायचे आणि समोरचा आमच्या घराण्याचा उद्धार करत जायचा. "माझ्या माहेरची माणसं बसली की गाडी बसते असं जे तुम्ही चारचौघांत सांगता ना, ते आधी बंद करा," असं आमच्या सौभाग्यवतींनी बजावलं, तेव्हा मी गाडी उद्यमनगरात नेली.

उद्यमनगरातल्या मिस्त्री लोकांबद्दल मला आदर आहे. या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला आणि पुढे शेतकऱ्यांसाठी ऑइल इंजिनं तयार झाली. इथल्या माणसाला यंत्राची भीती वाटत नाही, उलट यंत्रालाच थोडी वाटत असावी. आमच्या मिस्त्रींनी डिकीवर तळवा ठेवला, गाडी खाली दाबली आणि सोडली. शॉकअप धड असला की गाडी एकदा वर येते आणि गप्प बसते. आमची गाडी भजनी मंडळातल्या टाळकऱ्यासारखी बराच वेळ डोलत राहिली.

"मागचं पार बसलंय सायेब," मिस्त्री म्हणाले. "स्प्रिंगाबी गेल्यात आणि शॉकअपबी गेल्यात."

इथं वाचकांसाठी थोडा खुलासा. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही, तो स्प्रिंगला आवरतो. एकत्र कुटुंबात जसा सगळ्यांचा भार घेणारा एक कर्ता असतो आणि तो उसळला की "पुरे आता" म्हणणारी एक आजी असते, तसं हे आहे. कर्ता थकला की घर खाली बसतं. आजी गेली की घर उसळत राहतं. आमच्याकडे दोघंही एकदमच गेले होते.

"मग नवे टाका," मी म्हणालो.

"नवंच टाकायचं हाय तर उंची कमीजास्त करायचं टाकूया की! आट्याचं येतंय आता. चकती फिरवली की गाडी वर. ढाण्या वाघागत हुबी ऱ्हाईल."

हे आट्याचं प्रकरण तसं साधं आहे. शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात. त्यावर एक चकती, आणि चकतीवर स्प्रिंग उभी. पाना लावून चकती वर चढवली की गाडी वर, खाली उतरवली की गाडी खाली. ज्यांना एवढा खर्च परवडत नाही ते स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचा जाड तुकडा कोंबतात. पूर्वी अँबॅसडर आणि पद्मिनीला मागं पाटे असत. ते बसले की त्यांना ठोकून पुन्हा बाक द्यायचा, किंवा एखादा पाटा वाढवायचा, ही रीत होती. अँबॅसडर तर 2014 साली निघायचीच बंद झाली. तेव्हा कुणी म्हणेल, पाटा वाढवला तर चालत होतं, मग आट्यानंच काय घोडं मारलं? उत्तर असं, की तो पाटा बहुधा गाडीत माणसं आणि पोती जास्त भरायची म्हणून वाढत असे. आता गाडीत नवरा, बायको आणि अर्धा किलो भाजी असते. उंची वाढते ती वजनासाठी नव्हे, रस्त्याच्या भीतीनं.

उंची बदलता येणं हा मुळात नामी शोध आहे, हे मी नाकारत नाही. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीनं 1955 साली डीएस नावाची मोटार काढली. तिला पोलादी स्प्रिंगऐवजी तेल आणि वायूचा आधार होता. आत कितीही माणसं बसोत, गाडी आपली पातळी आपणच सांभाळायची. शिवाय चालकाजवळ एक दांडी, ती हलवली की गाडी वर किंवा खाली. 1962 साली अध्यक्ष द गॉल यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा टायर फुटूनही ती मोटार त्यांना घेऊन निसटली. पण लक्षात घ्या, त्या शोधाचा मुख्य हेतू गाडी समपातळीत राहावी हा होता, तिनं सदैव टाचा उंच करून चालावं हा नव्हता.

टाचा उंच करून चाललं तर काय होतं, ते आमच्या घरातल्या कुणालाही विचारा. गाडी उंच केली की तिचा भार वर जातो, आणि गगनबावड्याच्या घाटात वळणावर ती जास्त कलते. नुसतं मागचं उचललं तर दिवे खाली झुकतात, म्हणजे पूर्वी समोरच्याला दिसत नव्हतं, आता आपल्याला दिसत नाही. काही गाड्यांत मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा हे गाडी मागं किती बसली आहे त्यावरून ठरतं. उंची बदलली की त्या बिचाऱ्या झडपेला वाटतं, गाडी रिकामी आहे. सगळ्यांत मोठी गंमत पुढंच आहे. शॉकअपची लांबी तीच ठेवून चकती वर चढवली, की चाकाला खाली उतरायला जी जागा लागते, तीच कमी होते. म्हणजे खड्ड्यांसाठी गाडी उंच करायची, आणि खड्ड्यात उतरायची तिची ताकदच काढून घ्यायची! पोहायला जाताना कोरडं राहावं म्हणून हात बांधून घेण्यासारखंच हे झालं.

आता कायदा. 1988 साली आपल्या देशात दोन कागद तयार झाले. एक मोटार वाहन कायदा. त्याचं 52 वं कलम सांगतं, की कारखान्यानं ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार मालकानं गाडीत करू नये. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. झिजलेला भाग काढून तसाच नवा घालायला अर्थात कुणाची ना नाही. दुसरा कागद इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचा, स्पीडब्रेकर कसा असावा हे सांगणारा. त्याची पुढं सुधारून आवृत्तीही निघाली. पहिला कागद चौकातल्या पोलिसाला पाठ असतो. दुसरा कागद पाठ असलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही, म्हणून मीच पाठ केला.

तो म्हणतो, सर्वसाधारण रहदारीचा स्पीडब्रेकर 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर लांब असावा, त्याचा गोलवा 17 मीटर त्रिज्येचा असावा, आणि ताशी 25 किलोमीटरनं तो आरामात पार करता यावा. त्यावर पट्टे रंगवावेत आणि अलीकडे पाटी लावावी. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. छोट्या मोटारीच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण 2.4 मीटर अंतर असतं, म्हणजे अख्खी गाडी त्या उंचवट्यावर मावते. ती मधोमध आली की चाकं स्वतःच जवळजवळ 6 सेंटीमीटर वर चढलेली असतात. पोटाखाली उंचवटा उरतो जेमतेम 4 सेंटीमीटर! आणि गाडीचं पोट जमिनीपासून 16-17 सेंटीमीटरवर. मेव्हणा सहकुटुंब बसला, वर त्यानं पेढ्यांचे पुडे घेतले, तरी पोट टेकणार नाही. नियमाप्रमाणे बांधलेल्या स्पीडब्रेकरवर कुठल्याही धडधाकट मोटारीला उंची वाढवायची गरज पडत नाही. हे मी नाही, भूमिती सांगते.

मग चेंबर घासतो कशावर? मी मोजपट्टी घेऊन आमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरपुढं बसलो. उंची 20 सेंटीमीटर, लांबी अडीच फूट. हा स्पीडब्रेकर नाही, ही समाधी आहे. कुणाची, ते लिहिलेलं नाही. कुणी बांधली विचारलं तर गल्लीतला प्रत्येकजण दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवतो. मी मोजत असताना एक म्हातारे गृहस्थ थांबले. "काय हरवलंय?" त्यांनी विचारलं. "नियम," मी म्हणालो. "मग इथं न्हाई घावायचा," म्हणत ते सायकल उचलून पलीकडे गेले.

आणि आता माझं खरं भांडण. आम्ही कोल्हापूरकर रस्त्याच्या पैशाला फार खमके. 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या पद्धतीनं शहरातले रस्ते झाले आणि वेशीवर टोलनाके उभे राहिले, तेव्हा आख्खं गाव उठलं. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे ऐंशी ओलांडलेले नेते पुढं झाले, आणि कितीतरी वर्षं ते आंदोलन चाललं. शेवटी 2015 सरता सरता टोल रद्द झाला. आपल्याच गावात शिरायला पैसे देणार नाही, हा आमचा बाणा सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला.

तोच बाणेदार माणूस आज गॅरेजमध्ये उभा राहून, एक अक्षर न बोलता, हजारो रुपये मोजतो आणि गाडी दोन इंच उचलून घेतो. अहो, हा टोलच आहे! फरक इतकाच, की नाक्यावर पावती मिळायची. त्या पैशातून निदान रस्त्याचं काहीतरी व्हायचं होतं. या पैशातून रस्त्याला एक खडीचा दगडही मिळत नाही. रस्ता होता तिथंच राहतो, आणि आपण त्याच्यावरून दोन इंच वर गेल्याबद्दल मिशीला पीळ देतो.

कुणी म्हणेल, वाईट रस्त्यासाठी चांगली गाडी बनवण्यात गैर काय? त्याच सित्रोएननं 1948 साली टू-सीव्ही नावाची गाडी लोकांपुढं आणली. नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एक अंडं फुटता कामा नये, अशी तिची अट होती म्हणतात. मान्य. पण ती सबंध गाडीच त्या हिशेबानं आखलेली होती. दुसरं म्हणजे, ते शेताला शेत म्हणत होते. शेताला रस्ता म्हणून वर त्याचा कर आगाऊ घेत नव्हते.

मी हे सगळं मिस्त्रींना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाले, "सायेब, सगळं खरं. पण रस्ता माझ्या हातात हाय का? माझ्या हातात पाना हाय."

या वाक्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. मिस्त्रींचं काहीच चुकत नाही. ज्याच्या हातात पाना, तो पाना चालवणार. प्रश्न आपल्या हातात काय आहे हा आहे. आपल्या हातात लेखणी आहे, अर्ज आहे, मत आहे. ते बाजूला ठेवून आपणही पाना मागायला लागलो, तर त्या रस्त्याबद्दल बोलणार कोण? गाड्या असलेली, शिकलेली, साहेबाच्या खोलीत खुर्चीवर बसून बोलू शकणारी माणसं एकेक करून उंच झाली, की खाली कोण उरतं? रिक्षातली आठव्या महिन्याची बाई उरते. स्कूटरवर मागं एका बाजूला बसलेली आजी उरते. सीपीआरकडे निघालेल्या रुग्णवाहिकेतला, मोडलेल्या मांडीचा माणूस उरतो. यांच्या कमरेला आटे नाहीत. यांची चकती फिरवायला कुठल्याच गॅरेजात पाना नाही. आपण उंच झालो की त्यांचा धक्का आपल्याला लागत नाही, आणि जो धक्का आपल्याला लागत नाही तो या देशात खड्डा म्हणून मोजलाच जात नाही.

मी कारखान्याच्या मापाच्या स्प्रिंगा आणि शॉकअप घातले. गाडी होती त्या उंचीवर परत आली, दिवे रस्त्यावर आले, मेव्हण्याची अब्रूही वाचली. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते. तिचीही उंची कुणी वाढवून घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. जी गाडी राजाला पुरली, तिच्यासारखीच आपल्या उंचीवर ठाम राहणारी गाडी मला पुरे आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. ज्यांना मोटार उंच करायची हौस आहे, त्यांनी आधी 3 मीटरची एक मोजपट्टी विकत घ्यावी. ती आट्याच्या शॉकअपपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते. आपल्या गल्लीतला स्पीडब्रेकर मोजावा, उंची-लांबी कागदावर लिहावी, खाली शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि तो कागद द्यायचा तिथं देऊन पोच घ्यावी. उत्तर आलं नाही तर महिन्याभरानं दुसरा द्यावा. टोलच्या वेळी वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरलेल्या गावाला दहा सेंटीमीटरसाठी चार अर्ज जड जाऊ नयेत. कमीजास्त करायचीच असेल तर त्या गतिरोधकाची उंची करा, आणि तीही कमीच. मोटारीची आहे तेवढी ठीक आहे.