घसा दुखतोय? गोळी मागण्याआधी वय सांगा!

हवा बदलली की मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'घसा धरलाय, ती तीन दिवसांची गोळी द्या.' ही गोळी म्हणजे अझिथ्रोमायसिन. बाबांना गोळी, आठ वर्षांच्या मुलीला तिचंच सिरप. चिठ्ठी कुणी मागत नाही. खरं तर या दोघांचा आजार एकच असेल असं नाही.

घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. 'ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस' हा घशाचा मुख्य जिवाणू. घसा दुखणाऱ्या प्रौढांपैकी तो साधारण ५ ते १५ टक्क्यांत सापडतो. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर बाबांना बहुधा मिठाच्या गुळण्या आणि पॅरासिटामॉल पुरेल.

मुलीचं तसं नाही. स्ट्रेपचा खरा धोका ५ ते १५ या वयात. मुलांमध्ये प्रमाण २० ते ३० टक्के. ताप, गळ्याला दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि खोकला नाही, असं असेल तर डॉक्टर गाठायलाच हवेत. दुर्लक्ष झालं तर दोन-तीन आठवड्यांनी रुमॅटिक फीवर येऊ शकतो. सांध्यांची सूज उतरते, पण हृदयाच्या झडपेला झालेली इजा अनेकदा कायमची राहते. गंमत म्हणजे इतक्या वर्षांत स्ट्रेपने पेनिसिलिनला दाद दिली नाही असं घडलेलं नाही. अझिथ्रोमायसिनला मात्र तो अनेक ठिकाणी जुमानत नाही.

कॉलेजच्या वयात आणखी एक जिवाणू येतो, फ्युसोबॅक्टेरियम. क्वचित तो मानेच्या शिरेत गुठळी करतो. अझिथ्रोमायसिन त्याच्यावर फारसं चालत नाही. चार दिवसांनी बरं वाटण्याऐवजी थंडी वाजून ताप आला, मान एका बाजूला सुजली, तर थेट हॉस्पिटल. लस न घेतलेल्या मुलाच्या घशात राखाडी पडदा दिसला तर घटसर. तिथे नुसतं अँटिबायोटिक नाही, अँटिटॉक्सिनही लागतं.

'रिपोर्टची वाट बघत बसायचं का?' हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. घशाच्या स्वॅबच्या कल्चरला एक-दोन दिवस लागतात. पण घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन गटातलं औषध सुरू झालं, तरी रुमॅटिक फीवर टाळता येतो. मात्र कोर्स साधारण दहा दिवसांचा असतो. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून बाटली फ्रिजमध्ये विसरायची नसते.